मातीची भिंत, उन्हाची फट आणि खापरं : काळाला नेमकं काय खाऊ द्यायचं?

मृण्मयी_०७

मोकळ्या जागेत एक मांडणशिल्प उभं करायचं ठरतंय. विषय काळ, निसर्ग आणि वारसा. एवढं ओझं घेऊन बहुतेक कामं पहिल्याच पावसात बसतात, म्हणून आधीच धागा काढतेय.

आराखडा असा. कच्ची माती साच्यात ठोकून उभी केलेली भिंत, लांबी ६ मीटर, उंची २.४ मीटर, जाडी ४५ सेंमी. तिच्या पोटात वेगवेगळ्या खोलीवर खापरं, मडक्यांचे काठ, मातीच्या मुद्रा दडवायच्या. भिंत झिजेल तशा त्या बाहेर येतील. भिंतीत ५ सेंमी रुंदीची उभी फट. वर्षातून एकाच दिवशी सूर्योदयाचं ऊन तिच्यातून आरपार जाऊन १० मीटरवरच्या दगडावर पडावं अशी कल्पना आहे. मुदत ३ वर्षं, नंतर उरेल ते तिथल्याच मातीत मिसळू द्यायचं.

प्रश्न तीन. मातीत सिमेंट घालावं का? फट एकाच दिवसासाठी कशी आखायची? आणि खरी जुनी खापरं वापरावीत का? सौंदर्यशास्त्रावर बोला, पण आधी चिखलात हात घाला ही विनंती.

भिंतीला_कान

सिमेंट नको. ५-८ टक्के सिमेंट घातलं की माती झिजायची थांबते आणि काही वर्षांनी ढेकळं, पापुद्रे सुटून पडायला लागतात. ती ढेकळं पुन्हा मातीत मिसळत नाहीत. म्हणजे तुमची मूळ कल्पनाच बाद.

भिंतीचं घनफळ साधारण साडेसहा घनमीटर, वजन १२-१३ टन. ठोकल्यावर माती बसते, म्हणून सुटी माती दीडपट, १० घनमीटरच्या आसपास लागेल. वरची काळी, मुळ्या-पालापाचोळ्याची माती घेऊ नका, निदान ३०-४० सेंमी खालची घ्या. चिकणमाती १५ ते ३० टक्के, बाकी वाळू आणि बारीक खडी. सरळ काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर मीठ टाकून हलवा आणि थर बसू द्या, अंदाज येतो. मात्र बरणीत चिकणमातीचा थर फुगलेला दिसतो, प्रत्यक्षात असते त्याहून जास्त वाटते. म्हणून सोबत आकसण्याची चाचणी कराच : ६० सेंमी लांब, ४ बाय ४ सेंमीच्या लाकडी पेटीत आतून तेल लावून ओली माती दाबून भरा, पूर्ण वाळल्यावर टोकाशी किती फट पडली ते मोजा. १२ मिमीच्या वर गेली तर वाळू वाढवा.

पाणी ८ ते १२ टक्केच. मुठीत गोळा वळून दीड मीटरवरून टाका. तीन-चार तुकडे झाले तर बरोबर, पीठ झालं तर कोरडी, न फुटता चपटी झाली तर ओली.

गेरू

सहमत. एक भर : थर १५ सेंमीचा टाकायचा, ठोकून ९-१० सेंमी होतो. ठोकणीचा आवाज 'धप्प'वरून 'टण्ण' झाला की पुढचा थर.

आणि वाळलेलं गवत, भुसा अजिबात नको. हाताने थापायच्या भिंतीत तो चालतो, ठोकलेल्या भिंतीत चालत नाही. वाळवीला आमंत्रण.

विध्वंसक

एवढी काळजी करून भिंत बांधायची आणि मग ती पडायची वाट बघायची. कमाल आहे. नुसता मातीचा ढीग टाका, तोही झिजतो.

भिंतीला_कान

@विध्वंसक, झिजणं वेगळं आणि पडणं वेगळं. मातीची भिंत समोरून झिजून क्वचितच संपते. ती पायथ्याशी कापली जाते. जमिनीवर आपटलेलं पावसाचं पाणी उडून तळाच्या ३० सेंमीत मार बसतो, वर जमिनीतून ओल चढते, आणि वरचा भाग धडधाकट असतानाच भिंत कलते. पाहणाऱ्याला झीज दिसतच नाही, एक दिवस थेट अपघात दिसतो.

म्हणून दगडाचं जोतं घ्या, जमिनीपासून निदान ४० सेंमी उंच, आणि माती सुरू होण्याआधी ओल अडवणारा थर. जोत्याचा माथा बाहेरच्या बाजूला उतरता, नाहीतर झिजलेली माती तिथेच साचून भिंतीचा पाय ओला ठेवते. डोक्यावर चुन्याच्या मसाल्याची उतरती टोपी. टोपी भिंतीच्या रेषेतच ठेवा. बाहेर काढून पागोळी केलीत तर दर्शनी भाग कोरडा राहील आणि ३ वर्षांत एकही खापर बाहेर यायचं नाही.

ओलसर

ऑस्ट्रियातले मार्टिन राउख यांनी हेच तंत्र घरांच्या भिंतींना वापरलंय. मातीच्या थरांमध्ये ठरावीक अंतरावर भाजलेल्या विटेच्या किंवा चुन्याच्या आडव्या पट्ट्या. माती थोडी मागे सरते, पट्टी पुढे येते, भिंतीवरून धावणाऱ्या पाण्याचा वेग तिथे मोडतो आणि झीज मंदावते. किती झिजणार हे गृहीत धरूनच जाडी ठरवतात.

तुमच्याकडे पट्टीचं काम खापरंच करतील. आडवी ठेवा, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. आत उतार राहिला तर प्रत्येक खापर भिंतीच्या पोटात पाणी नेणारी पन्हळ होईल. दर्शनी भागाला समांतर उभी लावलीत तर पुढची मातीची खपली एकदम सुटेल आणि खापर तिच्याबरोबर खाली.

जवळून पाहाल तर मजा अशी : बाहेर आलेल्या खापराखाली माती शाबूत राहते आणि दोन्ही बाजूंना पाणी कापत जातं. काही काळाने खापर बोटभर रुंदीच्या मातीच्या जिभेवर टेकलेलं दिसतं. ही जीभ तुटली की खापर पडतं. त्यामुळे प्रत्येक खापराचा दोन तृतीयांश भाग आत हवा.

गेरू

खापरं ठोकताना फुटतात, तेही लिहून ठेवा. थर अर्धा टाकून हाताने दाबायचा, त्यावर खापर, वर ५ सेंमी चाळलेली माती हाताने, आणि मगच ठोकणी. पोकळ मडकं ठेवायचं असेल तर आत माती गच्च भरा. रिकामं मडकं वरच्या वजनाने दबतं आणि तिथून भिंतीला भेग जाते. साचा १८ मिमी प्लायचा, बाहेरून आडवे वासे, आरपार बोल्ट. इथे सिमेंट नसल्याने साचा त्याच दिवशी उतरवता येतो.

तळटीप

पहिल्या काही पावसात बारीक माती भराभर धुपते, मग खडी उघडी पडते आणि वेग खूप कमी होतो. म्हणून सारख्या अंतरावर दडवलेल्या वस्तू सारख्या काळाने बाहेर येणार नाहीत. सुरुवातीच्या १ सेंमीत थोड्याच ठेवा, १ ते ४ सेंमीत दाट, त्याहून खोल ठेवलेल्या ३ वर्षांत दिसतील या भ्रमात राहू नका. पाऊस ज्या बाजूने झोडपतो तिकडे बहुतेक ऐवज.

शंकुच्छाया

आता दुसऱ्या प्रश्नाकडे. "वर्षातून एकाच दिवशी" हे ५ सेंमीच्या फटीने होणार नाही. हिशोब बघा.

भिंत ४५ सेंमी जाड, फट ५ सेंमी. तिच्यातून दोन्ही बाजूंना ६.३ अंशांपर्यंत तिरपं ऊन जातं. विषुवदिनाच्या (दिवस-रात्र समान असतात तो दिवस) सुमारास सूर्योदयाची जागा रोज साधारण ०.४ अंश सरकते. म्हणजे विषुवदिनाच्या आधी १५ आणि नंतर १५ दिवस ऊन आरपार जाणारच. अयनदिन (वर्षातला सर्वांत मोठा किंवा सर्वांत लहान दिवस) निवडलात तर आणखी पंचाईत. त्याच्या आधी-नंतर १० दिवस सूर्याची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचा कोन) जेमतेम ०.३५ अंश बदलते, सूर्य जागचा हलत नाही म्हणा ना. नॅन्सी होल्ट यांच्या 'सन टनल्स'ला (यूटा, १९७३-७६) याच गोष्टीचा फायदा मिळतो. काँक्रीटचे चार नळकांडे, प्रत्येक १८ फूट लांब, अयनदिनांच्या उदयास्ताच्या दिशेला लावलेले. तिथे त्या दिवसाच्या आसपास बरेच दिवस सूर्य बोगद्यात दिसतो.

एक दिवस पकडायचा तर विषुवदिन घ्या, आणि ऊन येतं का नाही हे न पाहता ते दगडावर *कुठे* पडतं ते पाहा. १० मीटरवर ०.४ अंश म्हणजे ७ सेंमी. पण सूर्य हा बिंदू नाही, अर्ध्या अंशाची तबकडी आहे. कुठल्याही सावलीची कड अंतराच्या साधारण १०७व्या भागाइतकी पुसट होते, १० मीटरवर ९ सेंमी. म्हणजे एका दिवसाची सरक सूर्याच्या डागापेक्षा लहान. डागाची कड न बघता मध्य बघावा लागेल.

फटीऐवजी धातूच्या पत्र्यात गोल छिद्र घ्या. १ सेंमीचं केलंत तर डाग इतका फिका होईल की उघड्या सावलीत दिसणारच नाही. ४ सेंमी ठेवा आणि दगडाला २०-३० सेंमी खोल कोनाडा कोरा.

मृण्मयी_०७

हे वाचून फट बुजवावीशी वाटतेय :) पण क्षितिजाचं काय? पूर्वेला लहानशी टेकडी आहे.

शंकुच्छाया

बुजवू नका, आखणी बदला. टेकडी महत्त्वाची आहे. सूर्य सरळ वर चढत नाही, तिरका चढतो. २० अंश अक्षांश धरला तर क्षितिज १ अंशाने उंच असेल तर सूर्य दिसेपर्यंत ०.३६ अंश बाजूला सरकलेला असतो, म्हणजे जवळपास पूर्ण एका दिवसाचा घोळ. म्हणून टेकडीची उंची कोनमापकाने मोजा आणि "तबकडी पूर्ण वर आल्याचा क्षण" असा एक क्षण ठरवा. त्यानंतर डाग तासाला ८५-९० सेंमी वेगाने बाजूला आणि खालीही धावतो, कारण सूर्य वर चढतोय. शिवाय विषुवदिनाचा क्षण दरवर्षी सुमारे ६ तास पुढे जातो आणि लीप वर्षात मागे येतो, त्यामुळे डाग वर्षागणिक पावणेदोन सेंमीने हलेल.

दिशा होकायंत्राने घेऊ नका, चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर वेगळी. सपाट जमिनीवर वर्तुळ, मध्यभागी उभा शंकू, म्हणजे सरळ काठी. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला जिथे शिवतं ती खूण आणि दुपारनंतर जिथे शिवतं ती खूण, दोन्ही जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा. कात्यायन शुल्बसूत्रात (यज्ञवेदीच्या आखणीचा प्राचीन ग्रंथ) हीच कृती आहे. वारसा हवा होता ना, हा घ्या, आणि तो खराखुरा कामाला येतो. फक्त शंकू ओळंब्यात असू द्या.

विध्वंसक

एवढ्यापेक्षा जमिनीवर आकडे काढून माणसालाच उभं करा, त्याची सावली वेळ दाखवेल. बागेत असतात तसली.

शंकुच्छाया

चेष्टेत म्हणालात, पण करता येतं. लंबवर्तुळ काढायचं, लघु अक्ष = दीर्घ अक्ष × अक्षांशाची साइन. अर्धा दीर्घ अक्ष ३ मीटर घेतला तर २० अंशांवर अर्धा लघु अक्ष १.०३ मीटर. माणसाने मधल्या रेषेवर तारखेप्रमाणे पुढेमागे उभं राहायचं, केंद्रापासूनचं अंतर = ३ × क्रांतीचा टॅन × अक्षांशाचा कोसाइन. जूनच्या अयनदिनाला ते येतं १.२२ मीटर, म्हणजे माणूस लंबवर्तुळाच्या बाहेरच! उष्ण कटिबंधात हे बरोबरच आहे, तेव्हा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. पण त्या दुपारी सावली जेमतेम १० सेंमी, आकड्यापर्यंत पोचतच नाही. उच्च अक्षांशांवर हा प्रकार झकास चालतो, इथे मधले दोन-तीन तास सोडून द्यायचे.

निव्वळवाचक

वाचनखूण साठवली आहे. जयपूरच्या सम्राट यंत्राची (जंतरमंतरमधलं प्रचंड सूर्यघड्याळ) सावली दोन सेकंदांपर्यंत वेळ दाखवते म्हणतात, मग तिथे कड पुसट होत नाही का?

शंकुच्छाया

होते ना. यंत्राचा शंकू म्हणजे तिरकी भिंत, २७ मीटर उंच, सावली सेकंदाला साधारण १ मिमी सरकते. पण कड कित्येक सेंमी पुसट. सावलीत एक बारीक काडी किंवा दोरा शंकूच्या कडेला समांतर धरला की त्याची बारीक सावली कुठे विरते त्यावरून नेमकी जागा मिळते. मोठं यंत्र बांधलं की अचूकता आपोआप वाढते हा गैरसमज आहे. खुणा ऐसपैस होतात, कडही तेवढीच ऐसपैस पसरते.

घटिका

अवांतर : सावलीला ढग आडवे येतात, घटिकापात्राला येत नाहीत. तळाला छिद्र असलेलं तांब्याचं पात्र पाण्यावर सोडायचं, २४ मिनिटांत बुडतं. करणार असाल तर छिद्र हवं त्यापेक्षा लहान पाडा आणि कानसत मोठं करत जा. मोठं झालेलं छिद्र लहान होत नाही. पाणी गाळलेलं, मृदू. क्षाराचा थर छिद्रात बसला की पात्र हळूहळू आळशी होतं.

आडवाटेचा

माती, सावली, पाणी सगळं झालं, बर्फ राहिला. कलाकार ओलाफुर एलियासन आणि भूवैज्ञानिक मिनिक रोझिंग यांनी २०१५ च्या डिसेंबरात पॅरिसच्या पाँतेआँसमोर ग्रीनलंडच्या बर्फाचे १२ ठोकळे घड्याळाच्या तबकडीसारखे मांडले. लोक हात लावत होते, कान लावत होते. काळ दाखवायला याहून थेट काही नाही. भिंतीची ३ वर्षं कोण बघत बसणार?

तळटीप

मला ते काम पटत नाही. शीतपेट्यांतून बर्फ वाहून आणून हवामानबदल दाखवायचा. बर्फ समुद्रात आधीच तुटून तरंगत होता आणि त्यांनी कार्बनचा हिशोब जाहीर केला हे मान्य. तरी वितळण्याची जागा निवडली कुणी? कलाकाराने. तिथे निसर्ग फक्त पाहुणा आहे.

कुणाला करायचंच असेल तर : एक टन बर्फ म्हणजे हजार लिटर पाणी, त्याला वाट हवी. ठोकळा सपाट फरशीवर ठेवला तर खालून असमान वितळतो आणि कलंडतो. फटी असलेल्या लाकडी पाटावर ठेवा, उंची पायाच्या रुंदीपेक्षा कमी, आणि पाटाभोवती घसरणार नाही अशी जमीन.

ओलसर

बर्फ वितळताना दिसतो, पण किती वितळला हे नंतर आलेल्याला कळत नाही, शेजारी न बदलणारं काही नसतं. जर्मन कलाकार योझेफ बॉइस यांनी कासेलमध्ये १९८२ साली सुरू केलेल्या '७००० ओक'मध्ये प्रत्येक झाडाशेजारी बसाल्टचा एकेक खांब रोवलाय, जमिनीवर साधारण ४ फूट. रोप लावलं तेव्हा दगड मोठा, आज झाड मोठं. दगडाने काहीच केलं नाही, म्हणून झाडाने काय केलं ते दिसतं.

मृण्मयीताई, तुमच्या आराखड्यातली खरी अडचण इथेच आहे. झिजणाऱ्या भिंतीतच मोजणारी फट ठेवलीय. वर्षभरात फटीच्या कडा गोल होणार, मग ऊन कुठे पडलं याला अर्थ नाही. छिद्राचा पत्रा भिंतीत बसवू नका, जोत्याला जोडलेल्या दगडी किंवा स्टीलच्या चौकटीत बसवा. चौकट आणि माती यांत २-३ सेंमी मोकळं अंतर, वर छोटी तुळई. माती आकसली तरी चौकट हलता कामा नये.

भिंतीला_कान

+१०१. याच धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. तुळईची भिंतीतली टेक दोन्हीकडे निदान २५ सेंमी हवी.

आडवाटेचा

झाडं तरी कुठे भरवशाची? शिल्पकार डेव्हिड नॅश यांनी १९७७ मध्ये वेल्समध्ये अॅशची २२ झाडं वर्तुळात लावून वाकवत वाकवत घुमट केला. पुढे अॅशवर बुरशीचा रोग आला. नंतर त्यांनी भोवती ओकची रोपं लावली.

तळटीप

एकाच जातीची २२ झाडं म्हणजे एकाच रोगाला २२ दारं. पण लावलेलं काम रोगासकट राहू दिलं, हे मला आवडतं. अमेरिकी कलाकार रॉबर्ट स्मिथसनच्या 'स्पायरल जेटी'चंही तेच. १९७० मध्ये यूटातल्या ग्रेट सॉल्ट लेकमध्ये बसाल्ट आणि मातीचा सुमारे १५०० फुटांचा सर्पिल. दोनेक वर्षांत पाण्याखाली गेला, २००२ च्या सुमारास पुन्हा वर आला तो मिठाने पांढरा होऊन. त्यावर दगड टाकून उंच करावा का, यावर वाद झाले. नाही केला हे बरं. नियमित फोटो काढणं हेच तिथलं मुख्य जतन.

मृण्मयी_०७

फोटोंवरून आठवलं, नोंद कशी ठेवावी? आणि खापरांचं कुणी बोललंच नाही.

गेरू

नोंद : ३० सेंमीच्या स्टेनलेस सळया भिंतीत आडव्या ठोका, डोकं पृष्ठभागाशी सपाट. भिंत जितकी मागे जाईल तितकी सळई उघडी, पट्टीने मोजा. पावसाच्या बाजूला तीन ओळी : पायथा, मध्य, माथा. साधं लोखंड नको, गंजून मातीला भेगा पाडतं. कॅमेरा वेगळ्या खांबावर, भिंतीवर नाही. दर अर्ध्या तासाला एक, दिवसाचे १२ तास म्हणजे वर्षाला ८,७६० चित्रं, सेकंदाला २५ प्रमाणे जेमतेम पावणेसहा मिनिटांची फिल्म. पण झीज तिरप्या उन्हातच दिसते, भरदुपारचे फोटो सपाट येतात.

पुरापुराण

खापरांवर मी बोलतो. जमिनीवर सापडलेली, शेतात उचललेली जुनी खापरं भिंतीत घालू नका. खापराची किंमत ते कुठे, कुठल्या थरात होतं यात असते. उचललं की निम्मं मेलं, आणि तुमच्या भिंतीतून ३ वर्षांनी पुन्हा जमिनीत गेलं की पुढच्या संशोधकाला चकवा.

चित्रकार विवान सुंदरम यांनी २०१२ च्या पहिल्या कोची-मुझिरिस बिनालेत केरळातल्या पट्टणमच्या उत्खननातली टाकून दिलेली खापरं वापरली. फरक हा की ती अभ्यास संपवून बाजूला काढलेली होती. तसा स्रोत आणि लेखी परवानगी नसेल तर नवी घडवा. ७०० ते ९०० अंशांवर भाजा. कमी भाजलेली मातीत विरघळतात. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर भाजण्याआधी वर्षाचा ठसा उमटवा. उत्खननाचा खड्डा बुजवताना तळाशी चालू काळातलं नाणं टाकतात, ते याचसाठी. घडवायच्या मातीत चुनखडीचे कण नकोत. भाजल्यावर त्यांचा कळीचा चुना होतो आणि ओल लागली की फुगून पृष्ठभागावर खड्डे पाडतो.

विध्वंसक

पायथ्याशी पडलेल्या खापरांवरून लोक चालणार. कर्रकर्र आवाज. ते तरी ठेवा, मस्त वाटेल.

पुरापुराण

नको. चिनी कलाकार आय वेवे यांच्या 'सनफ्लॉवर सीड्स'मध्ये (टेट मॉडर्न, लंडन, २०१०) पोर्सेलीनच्या १० कोटी बियांवरून लोकांनी चालावं अशीच कल्पना होती. काही दिवसांतच बंद करावं लागलं, चालण्याने उडणारी धूळ फुप्फुसांना घातक. भाजलेल्या मातीच्या चुऱ्यातही सिलिका असते. शिवाय पायथ्याशी लोक म्हणजे १२ टनांखाली लोक.

भिंतीला_कान

हेच लिहायला आलो होतो. दोरी भिंतीच्या उंचीच्या दीडपट अंतरावर, ३.६ मीटर. संपवण्याची अट आधीच लेखी करा, तारीख नको, माप लिहा : पायथ्याची जाडी कुठेही ३० सेंमीच्या खाली किंवा ओळंबा माथ्याला ५ सेंमी सुटला, की वरून एकेक थर उतरवायचा. ढकलून पाडायची नाही, चौकट तुटेल.

बांधकाम कोरडा हंगाम सुरू होताच करा. ४५ सेंमी भिंत दोन्हीकडून वाळायला दोन-तीन महिने लागतात. तोवर वरून ताडपत्री, पण भिंतीला चिकटलेली नको, हवा खेळली पाहिजे.

गेरू

वाळल्यावर भिंतीत पेन्सिलएवढी गोल भोकं दिसली तर घाबरून बुजवू नका, एकांड्या मधमाश्या आहेत. कोरड्या, उन्हाच्या बाजूला घर करतात. फक्त सळयांची मापं घेताना भोकापासून दूर घ्या, तिथली झीज जास्त असते.

मृण्मयी_०७

आराखडा बदलला : सिमेंट रद्द, फट जाऊन चौकट आणि ४ सेंमीचं छिद्र, विषुवदिन, खापरं नवी आणि ठशाची. राहिला एकच मुद्दा. चौकट स्टीलची की दगडाची? स्टील उन्हात तापून प्रसरण पावेल ना?

शंकुच्छाया

२ मीटर स्टील ३० अंशांनी तापलं तर पाऊण मिमी वाढतं. तुमच्या ९ सेंमीच्या पुसट डागापुढे ते शून्य. पण पायाला घट्ट आवळू नका, एक टोक सरकतं ठेवा. पाया खचला तर मात्र गडबड : चौकट छिद्राभोवती अर्धा अंश फिरली तर छिद्र जागेवरच राहतं, काही बिघडत नाही. १ सेंमी बाजूला सरकली तर डागही १ सेंमी सरकतो. म्हणून कोनाड्याच्या दगडाचा आणि चौकटीचा पाया एकाच आडव्या पट्ट्याने जोडून घ्या.